मुलांसह जर्मनीत स्थिरावताना: पहिल्या वर्षात कशाआधी काय करावं

जर्मनीला कुटुंबासह जायचं ठरलं की घरात आधी बोलणी होतात ती व्हिसा, पगार आणि सामानाची. मुलांचं काय ते तिथे गेल्यावर बघू, असं आपण धरून चालतो. आम्हीही तसंच धरलं होतं. श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात आलो तेव्हा मुलगा आठ वर्षांचा होता, मुलगी चारची. आज कुणी विचारलं तर मी क्रम उलटा सांगते. मुलांचा दिवस कुठे आणि कसा जाणार हे आधी बघा, घर त्यावरून शोधा, आणि आईबाबांपैकी एकाने पहिले तीन महिने मुलांसाठी मोकळे ठेवा. बाकीची कामं त्याच्या आजूबाजूला बसतात. पुढचं सगळं त्याच नजरेने लिहिलं आहे. शाळेचे आणि पाळणाघरांचे नियम तिथे राज्यागणिक बदलतात, हे मात्र वाचताना लक्षात असू द्या.

निघण्याआधी: एक फाइल

विवाहाचा दाखला आणि प्रत्येक मुलाचा जन्मदाखला या दोन कागदांवर पुढचं बरंचसं अवलंबून आहे. दोन्हींचं जर्मन भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून घ्यावं लागतं, साधं भाषांतर चालत नाही. भारत हेग अपोस्टिल करारात, म्हणजे एका शिक्क्यावर एकमेकांचे सरकारी कागद मान्य करण्याच्या करारात, असला तरी जर्मनीने भारताच्या बाबतीत हरकत नोंदवलेली आहे. त्यामुळे नुसत्या अपोस्टिलच्या शिक्क्यावर तिथल्या कार्यालयाचं समाधान होईलच असं नाही. तुमच्या कामासाठी कोणतं साक्षांकन लागेल हे निघण्याआधीच लेखी विचारून घ्या, तिथून परत पाठवापाठवी करण्यात महिने जातात.

सगळ्या कागदांवरची नावं एकमेकांशी जुळतात का ते बघा. आपल्याकडे पासपोर्टवर मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं. जर्मन कार्यालय ते दोन्ही मिळून मुलाचं पहिलं नाव धरतं. आमच्या मुलीला किटात, म्हणजे पाळणाघरात, पहिला आठवडा तिच्या नावाला बाबांचं नाव जोडून हाक मारत होते आणि ती वळून बघत नव्हती. शिक्षिकेला वाटलं, हिला ऐकू कमी येतं की काय. फॉर्म भरताना ‘रूफनामे’, म्हणजे हाक मारायचं नाव, वेगळं सांगा.

लसीकरणाचं पुस्तक हातातल्या सामानात ठेवा. मार्च २०२० पासून जर्मनीत गोवर संरक्षण कायदा आहे. किटात किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाला गोवराच्या लशीचा पुरावा द्यावा लागतो, दोन वर्षांपुढच्या मुलासाठी दोन डोस. तारखा आणि शिक्के वाचता येतील असे हवेत. अक्षर पुसट असेल तर आपल्या डॉक्टरांकडून छापील पत्र घ्या. आणखी एक, दंडावरचा बीसीजीचा व्रण बघून तिथल्या तरुण डॉक्टरांना कधीकधी प्रश्न पडतो, कारण जर्मनीत ही लस १९९८ पासून सरसकट देत नाहीत. तीही नोंद पुस्तकात असू द्या.

मोठ्या मुलाची मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकंही फाइलला लावा.

पहिले दोन आठवडे: आधी पत्रपेटी, मग आनमेल्डुंग

जर्मनीत फ्लॅटला नंबर नसतो. इमारतीच्या दाराशी बेलच्या बटणांपुढे आणि पत्रपेट्यांवर आडनावं असतात, पोस्टमन तीच बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जातं. आम्ही घरात आलो त्या दिवशी पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं, आणि बदलू सावकाश म्हणून आम्ही ते तसंच राहू दिलं. करक्रमांकाचं पत्र परत गेलं. क्रमांक नसल्यामुळे पहिल्या पगारातून कर सहाव्या वर्गाने, म्हणजे सगळ्यात चढ्या दराने कापला गेला. पैसे नंतर मिळाले, पण घरात पलंगही नव्हते अशा महिन्यात हात आखडला. म्हणून सांगते, किल्ली हातात आली की सामान उघडण्याआधी कागदावर आडनाव लिहा आणि पेटीवर व बेलवर चिकटवा. नवराबायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लिहा.

त्यानंतर आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती गावाच्या ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक कार्यालयात, करावी लागते. मोठ्या शहरांत वेळ, म्हणजे टेर्मिन, मिळायलाच आठवडे लागतात, म्हणून जर्मनीत येण्याआधीच टेर्मिन ऑनलाइन घेऊन ठेवा आणि ठरल्याची पावती जपा. सोबत सगळ्यांचे पासपोर्ट, दाखले आणि घरमालकाने सही केलेला ‘तुम्ही इथे राहायला आलात’ असं सांगणारा कागद लागतो. या कागदाचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही. सुरुवातीला महिना-दोन महिन्यांसाठी सजवलेलं घर घेणार असाल तर पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: हा कागद मिळेल का? नाही म्हणाले तर ते घर कुटुंबाच्या कामाचं नाही.

आनमेल्डुंगवर पुढची साखळी उभी आहे. नोंदणी झाली की काही आठवड्यांत बॉनच्या केंद्रीय कर कार्यालयाकडून अकरा आकडी करक्रमांक येतो. तो मुलांच्या नावेही येतो. ती पत्रं निरुपयोगी वाटतात, पण टाकू नका, मुलांच्या भत्त्याला तोच क्रमांक लागतो. त्याच सुमाराला रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं. घरात टीव्ही असो वा नसो, दर घरामागे महिना १८.३६ युरो द्यावे लागतात. पुष्कळ जण ते फसवणुकीचं पत्र समजून फाडतात आणि पुढे दंडासह भरतात.

घर शाळेवरून निवडा

आमच्या राज्यात, बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये, सरकारी प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालियासारख्या राज्यात पालकांना निवडीला जास्त वाव आहे. म्हणून घराच्या जाहिराती बघताना नकाशावर तीन ठिकाणं शोधा: ग्रुंडशूले, म्हणजे प्राथमिक शाळा, किटा आणि खेळाचं मैदान. तिन्ही चालत जाण्याच्या अंतरावर असतील तर नवऱ्याची किंवा बायकोची गाडी अर्धा तास लांब पडली तरी चालवून घ्या. मोठा माणूस एकटा आगगाडीने जाऊ शकतो. दोन मुलांना पावसात दोन दिशांना पोचवणं मात्र रोजचं असतं.

जाहिरातीत काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममीटे म्हणजे पाणी, तापवणं, जिना झाडणं वगैरे धरून. विजेचा करार बहुतेक वेळा वेगळा करावा लागतो. अनामत जास्तीत जास्त तीन काल्टमीटे घेता येते आणि कायद्याने ती तीन हप्त्यांत देता येते. घरमालक एकदम मागतात, हप्ते मागायला संकोच करू नका. रिकाम्या घरात बऱ्याचदा स्वयंपाकाचा ओटाही नसतो, छताला दिव्यांऐवजी वायरी लोंबत असतात. मुलं बरोबर असताना पहिलं घर ओट्यासकटच बघा. आधीचा भाडेकरू आपला ओटा विकत असेल तर तो घेणं सगळ्यात सोयीचं.

घर ताब्यात घेताना प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढून यूबरगाबे प्रोटोकोलमध्ये, म्हणजे ताबा घेतानाच्या नोंदीच्या कागदात, नोंदवा. सोडताना अनामत त्याच कागदावरून मिळते. आणि थंडीत दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा. मुलांना गारठा लागेल म्हणून आपण खिडक्या बंद ठेवतो, मग स्वयंपाकाची वाफ आणि वाळत घातलेले कपडे यांनी भिंतीला बुरशी धरते. तिचा खर्च भाडेकरूवर येऊ शकतो आणि मुलांचा खोकलाही हटत नाही.

किटा: इथे घाई करू नका

पहिला वाढदिवस झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क १ ऑगस्ट २०१३ पासून आहे. हक्क कागदावर आहे, जागा मात्र बऱ्याच शहरांत कमी आहेत. वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतं आणि जागांचं वाटप त्याआधीच्या वसंतात होतं. मधल्या महिन्यात येणाऱ्याला उरलेल्या जागांवर नजर ठेवावी लागते. शहराच्या पोर्टलवर नाव घाला. त्याशिवाय जवळच्या पाच-सहा किटांना चार ओळींचं पत्र लिहा: मुलाचं वय, कधीपासून हवं, किती तास हवं, घरात कोणती भाषा बोलता. मग एकदा समक्ष जाऊन भेटा. आम्हाला जागा पोर्टलवरून मिळाली नाही, तिसऱ्यांदा दारात जाऊन विचारलं तेव्हा मिळाली. तीन वर्षांखालच्या मुलासाठी टागेसमुटर हाही चांगला मार्ग आहे. परवाना असलेली बाई स्वतःच्या घरी जास्तीत जास्त पाच मुलं सांभाळते. नवी भाषा ऐकणाऱ्या लहानग्याला मोठ्या गटापेक्षा ते घर सोपं जातं.

तास नीट विचारा. आमच्याकडे ‘वाढीव वेळ’ म्हणून जे मिळतं ते जेमतेम सहा तास असतं, दुपारी दीडला मूल घरी. दोघं नोकरी करणार असाल तर गांत्सटाग, म्हणजे पूर्ण दिवस, असा शब्द वापरून मागा. फी राज्यावर आणि गावावर ठरते. बर्लिनमध्ये ऑगस्ट २०१८ पासून फी नाही, जेवणाचेच पैसे घेतात. आमच्या राज्यात गावागावाची वेगळी.

आता आइनगेव्योनुंगबद्दल, कारण पहिल्या वर्षातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला तीच वाटते. मूल किटात रुळवण्याची ही पद्धत आहे आणि बहुतेक ठिकाणी ती बर्लिन नमुन्यावर चालते. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर तासभर आत बसतात. निरोप घ्यायचा नाही, मुलाला ढकलायचंही नाही, नुसतं बसायचं. चौथ्या दिवशी पहिल्यांदा निरोप घेऊन काही मिनिटं बाहेर. मूल समजावल्याने शांत झालं तर वेळ वाढवतात, नाही झालं तर थांबतात. नमुन्यात हे दोन-तीन आठवड्यांचं दिसतं. आम्हाला पाच आठवडे लागले.

मी भिंतीशी वीतभर उंचीच्या खुर्चीवर बसायचे. प्रत्येक मुलाच्या खुंटीवर एक चित्र असतं, आमच्या मुलीच्या खुंटीवर साळिंदर होतं. ती आली की आधी त्या साळिंदराला बोट लावायची आणि मग माझ्या मांडीत शिरायची. चौथ्या दिवशी मला वाटलं, ती रंगवण्यात गुंतली आहे, हळूच सटकावं. शिक्षिकेने मला थांबवलं. सांगून जा, ती म्हणाली, रडली तरी चालेल, पण आई न सांगता नाहीशी होते असं तिला वाटायला नको. मी सांगून गेले, ती रडली, दहा मिनिटांनी मी परत आले. दुसऱ्या दिवशी ती रडली, पण दाराकडे बघत बसली नाही. ही पाच आठवड्यांची मोकळीक आमच्याकडे होती कारण मी नोकरी धरली नव्हती. दोघांनीही पहिल्या महिन्यात कामावर रुजू व्हायचं ठरवलं असतं तर ही गोष्ट रेटून न्यावी लागली असती. मालकाशी बोलणी करतानाच एकाची सुरुवात पुढे ढकला.

तिथल्या शिक्षिका यादी देतील: घरातल्या चपला, बदली कपड्यांची पिशवी, गमबूट आणि माचहोजे, म्हणजे चिखलात खेळायची रबरी विजार. मुलं पावसातही बाहेर जातात. प्रत्येक वस्तूवर नाव घाला, मोज्यांवरसुद्धा. शाकाहारी असाल तर तो शब्द सांगून थांबू नका. जिलेटीन चालत नाही हे वेगळं लिहून द्या, कारण वाढदिवसाला वाटल्या जाणाऱ्या अस्वलाच्या आकाराच्या गोळ्यांमध्ये ते असतं.

मूल किटात महिनोन्‌महिने गप्प राहू शकतं. नवी भाषा कानावर पडणाऱ्या लहान मुलांमध्ये असा मुका काळ असतो, ते सगळं ऐकत आणि साठवत असतात. आमची मुलगी सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत तिथे एक शब्द बोलली नाही. मग एका मुलाने तिची तिचाकी ओढली तेव्हा अंगणात मोठ्याने ‘हाल्ट!’, म्हणजे ‘थांब!’, आलं. त्या आधीच्या महिन्यांत तिला ‘आज काय जर्मन शिकलीस?’ असं विचारत राहणं आम्ही टाळलं, याचं मला आजही बरं वाटतं. मूल घरीही बोलेनासं झालं, किंवा झोप-खाणं बिघडलं, तर मात्र किंडरआर्त्स्टशी, म्हणजे मुलांच्या डॉक्टरांशी, बोला.

शाळा

सहा वर्षं पुरी झाली की शाळा सक्तीची. नेमकी तारीख राज्यावर ठरते. घरी शिकवण्याची मुभा नाही. ग्रुंडशूले चौथीपर्यंत असते, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीपर्यंत. त्यानंतर मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात. म्हणून नऊ-दहा वर्षांचं मूल घेऊन येणाऱ्यांनी ही गोष्ट पहिल्याच भेटीत मुख्याध्यापकांशी बोलावी: भाषा येत नसताना हा निर्णय कसा घेतला जाईल, नंतर बदलता येईल का. पुढे बदलता येतो, वाटा आहेत, पण त्या कुणी आपण होऊन सांगत नाही.

भाषा न येणाऱ्या मुलांसाठी वेगळे वर्ग असतात. आमच्याकडे फोरबेराइटुंग्सक्लासे, बर्लिनमध्ये विलकोमेन्सक्लासे, बायर्नमध्ये डॉइचक्लासे. मुलगा सकाळी त्या वर्गात बसायचा आणि गणित, खेळ, पोहणं यांना नेहमीच्या तिसरीत जायचा. गणितात तो हुशार, तरी पहिल्या चाचणीत लाल खुणाच खुणा. वही नीट बघितली तेव्हा कळलं. आपला इंग्रजी एक सरळ रेघेचा, जर्मन एकाला डोक्यावर तिरपी शेपटी असते आणि साताच्या पोटात आडवी रेघ. बाईंना त्याचे सात एक वाटत होते. शिवाय दशांशासाठी तिथे स्वल्पविराम देतात आणि हजारासाठी टिंब. भागाकाराची मांडणीही निराळी. हे चार फरक एका संध्याकाळी घरी बसून गिरवून घ्या, मुलाचा जीव भांड्यात पडेल.

गुणांचंही उलटं आहे. १ सगळ्यात चांगला, ६ सगळ्यात वाईट. वह्यांच्या रेघांना नंबर असतात, यादीत लिहिलेला नंबरच आणा.

शाळा दुपारीच सुटते. पुढच्या वेळासाठी होर्ट, म्हणजे शाळेनंतरचं पाळणाघर, किंवा शाळेतलाच दिवसभराचा उपक्रम असतो, त्याचं नाव शाळाप्रवेशाबरोबरच घाला. ऑगस्ट २०२६ पासून पहिलीच्या मुलांना पूर्ण दिवसाच्या सांभाळाचा कायदेशीर हक्क मिळतो आहे आणि दर वर्षी एकेक इयत्ता त्यात येत जाईल. मोठ्या मुलांसाठी तूर्त गावाची सोय विचारावी लागते.

एल्टर्नआबेंड, म्हणजे पालकांची संध्याकाळची सभा, चुकवू नका. निम्मं कळलं नाही तरी जा. सहल, पोहण्याचे दिवस, वर्गाचा व्हॉट्सॲप गट, सगळं तिथे ठरतं. मी पहिल्या सभेत शेजारी बसलेल्या बाईंना एवढंच म्हटलं की मला सावकाश समजतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी महत्त्वाचे पाच मुद्दे लिहून पाठवले, आणि मुलाला खेळायला बोलावलं.

तिथे खेळायला जायचं तर आधी ठरवून. वेळ सांगतात, संपायचीही. चार ते सहा म्हणजे सहाला मूल घ्यायला दारात उभं राहायचं. तुम्हीही तसंच बोलवा, आणि एका वेळी एकालाच, भाषा कच्ची असताना दोघांत खेळ चांगला जमतो.

सुट्ट्यांबाहेर मुलाला शाळेतून काढून गावी नेता येत नाही. दंड होतो, आणि सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी काही विमानतळांवर पोलिसांनी मुलांच्या कुटुंबांना थांबवून विचारल्याचीही उदाहरणं आहेत. घरी लग्न, आजारपण असं कारण असेल तर शाळेला आधी लेखी विनंती करा, मुख्याध्यापक परवानगी देऊ शकतात. उन्हाळी सुट्टी सहा आठवड्यांची असते आणि तारखा राज्याच्या. त्या पुढच्या अनेक वर्षांच्या आधीच जाहीर असतात. तिकिटं त्यावरून काढा.

डॉक्टर, विमा आणि पैसे

सरकारी धाटणीची क्रांकेनकासे, म्हणजे सार्वजनिक आरोग्य विमा, घ्यायची की खाजगी विमा, हा निर्णय ज्यांचा पगार ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आहे त्यांच्यापुढे येतो. २०२६ साठी ती मर्यादा वर्षाला ७७,४०० युरो आहे. खाजगीचा हप्ता एकट्या तरुणाला कमी दिसतो. पण क्रांकेनकासेत न कमावणारी बायको किंवा नवरा आणि मुलं त्याच हप्त्यात येतात, खाजगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा. एकदा खाजगीत गेलं की परत येणं अवघड, वय ५५ ओलांडल्यावर जवळजवळ अशक्य. मुलं असलेल्या घराने क्रांकेनकासे घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

विम्याचं कार्ड हाती येताच किंडरआर्त्स्ट शोधा, मूल आजारी पडण्याची वाट बघू नका. ‘नवे पेशंट घेत नाही’ हे उत्तर वारंवार ऐकाल. शेजारच्या गावातही विचारा, क्रांकेनकासेलाही मदत मागता येते. मुलांच्या तपासण्या ठरलेल्या वयात होतात, जन्मापासून पाच वर्षांपर्यंत यू-१ ते यू-९, आणि त्यांची नोंद पिवळ्या वहीत असते. बाहेरून आलेल्या मुलालाही ती वही मिळते. ताप आला की औषधांची चिठ्ठी मिळेलच असं नाही. पाणी पाज, आराम करू दे, तीन दिवसांनी ये, असं सांगतील. सुरुवातीला हा निष्काळजीपणा वाटतो. मी डॉक्टरांना दरवेळी एक प्रश्न विचारायला शिकले: काय दिसलं तर लगेच परत येऊ? त्याचं उत्तर ते फार नीट देतात.

रात्री किंवा रविवारी डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जिवाला धोका असेल तर ११२. हे दोन नंबर आणि आपला पूर्ण पत्ता जर्मनमध्ये फ्रिजवर लावा, मोठ्या मुलाकडून तो मोठ्याने म्हणून घ्या. मूल आजारी असल्यामुळे घरी राहावं लागलं तर क्रांकेनकासेतल्या नोकरदार आईला आणि वडिलांना प्रत्येकी दर मुलामागे वर्षाला १५ दिवसांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी पहिल्याच दिवसाची लागते.

किंडरगेल्ड, मुलांचा भत्ता, २०२६ पासून दर मुलामागे महिना २५९ युरो आहे. नोकरीच्या परवान्यावर आलेल्या बहुतेक कुटुंबांना तो मिळतो. अर्ज फामिलियनकासेकडे, म्हणजे हा भत्ता देणाऱ्या कार्यालयाकडे, करायचा. मागचे पैसे सहाच महिन्यांचे देतात, म्हणून उशीर करू नका.

आणि हाफ्टप्फ्लिष्ट, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा, पहिल्या महिन्यात घ्या. सात वर्षांखालचं मूल कायद्याने जबाबदार धरलं जात नाही, त्यामुळे साधा विमा शेजाऱ्याच्या गाडीवरच्या ओरखड्याचे पैसे नाकारू शकतो. अशा लहान मुलांचं नुकसानही भरून देणारं कलम मागून घ्या. शेजाऱ्याशी संबंध टिकतात.

जिना, रविवार आणि रस्ता

आमच्या भागात केरवोखे असते. दारावर एक पाटी येऊन लटकते, तो आठवडा जिना आणि अंगण झाडायची पाळी तुमची. काम झालं की पाटी पुढच्या दारावर. रविवारी दुकानं बंद, ड्रिल मशीन बंद, काचेच्या बाटल्या डब्यात टाकणंही बंद. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. मुलांच्या पायांचा आवाज होणारच, पाळणाघरं आणि मैदानांमधला मुलांचा आवाज तर २०११ पासून कायद्यानेच सोसायचा ठरला आहे. तरी पहिल्या आठवड्यात खालच्या आजींकडे मुलांना घेऊन गेलो, नावं सांगितली, त्रास झाला तर सांगा म्हटलं. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

सायकल आठ वर्षांपर्यंतच्या मुलाने पदपथावरून चालवायची, दहापर्यंत चालवली तरी चालते. लहानाबरोबर असलेल्या मोठ्या माणसालाही पदपथावर सायकल चालवता येते. मोटारीत बारा वर्षांपर्यंत किंवा १५० सेंटिमीटर उंची होईपर्यंत मुलांचं आसन लागतं. आपला परवाना राहायला आल्यापासून सहा महिने चालतो, नंतर लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. पोहण्याचा वर्ग मिळायला वर्ष लागू शकतं, नाव लवकर घाला. तिथली बरीच मुलं झेप्फेर्डशेन हा पोहण्याचा पहिला बिल्ला शाळेआधीच मिळवतात, वर्गातल्या एकट्याच मुलाला पोहणं येत नसलं की त्याला फार लागतं.

घरी राहणाऱ्याची भाषा, आणि घरातली भाषा

दोघांपैकी एक घरी थांबला की मुलांची सगळी फोनाफोनी त्याच्याकडे येते, आणि कामावर जाणाऱ्यापेक्षा त्यालाच जर्मन जास्त लागतं. किटाची जागा मिळाली त्याच आठवड्यात मी फोल्क्सहोखशूलेतला सकाळचा वर्ग धरला. ही गावाची प्रौढशाळा, फी परवडणारी. कंपनीकडून भाषेचे पैसे मिळत असतील तर नोकरी करणाऱ्याऐवजी जोडीदारासाठी मागून बघा. आधी शिका ती वाक्यं किटाची आणि दवाखान्याची, रेस्टॉरंटची पुढे येतील.

मुलांशी मात्र मराठीतच बोला, आणि भरपूर. तुटक्या जर्मनमध्ये मुलाशी बोललं की त्याला धड कुठलीच भाषा ऐकायला मिळत नाही. जर्मन त्याला किटातून चोख मिळते. रात्री गोष्ट वाचताना, भांडण सोडवताना, गावी आजोबांशी बोलताना पूर्ण वाक्यांतली मराठी कानावर पडू द्या. मुलगा शाळेतलं जर्मनमध्ये सांगू लागला की मी त्याला अडवत नाही. तेच मराठीत म्हणून विचारते: ‘म्हणजे बाईंनी गटाची वाटणी परत केली?’ तो पुढचं मराठीत सांगतो.

वर्ष संपताना

मुलांचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षांचा असतो आणि राहण्याचा परवाना पासपोर्टच्या तारखेपुढे जात नाही. चौघांच्या सगळ्या तारखा एका कागदावर लिहा, आणि परवान्याच्या अर्जासाठी तीन-चार महिने आधी आउसलेंडरबेह्योर्डेला, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला, लिहा. नवा परवाना यायला वेळ लागला तर मधल्या काळाचं पत्र मागता येतं, पण अर्ज जुना परवाना संपायच्या आत गेलेला हवा. घरमालकाकडून वर्षाच्या खर्चाचा हिशेब येईल. पहिल्या थंडीचा हिशेब बऱ्याचदा जास्त निघतो, दोनशे-तीनशे युरो बाजूला ठेवलेले असले तर तोंडचं पाणी पळत नाही.

सप्टेंबरमध्ये गावागावात मुलांच्या जुन्या वस्तूंचे बाजार भरतात, चर्चच्या किंवा किटाच्या सभागृहात, शनिवारी सकाळी. आखूड झालेली माचहोजे तिथे विकता येते आणि पुढच्या मापाची चार-पाच युरोंना मिळते. पहिल्या तासात जा, चांगले गमबूट तेवढ्यात संपतात.